लॉजिक प्रोग्रॅमिंगचा विषय घ्यावा का, आणि घेतला तर कसा शिकावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षात ‘लॉजिक प्रोग्रॅमिंग आणि स्वायत्त एजंट’ हा ऐच्छिक विषय समोर आहे. स्वतः विचार करून कृती करणारे एजंट बनवायची हौस आहे. पण प्रोलॉग (लॉजिक प्रोग्रॅमिंगची मुख्य भाषा) जुनाट झालं, आता सगळं न्यूरल नेटवर्कवर चालतं, असं मित्र सांगतात. मग हा विषय घेण्यात अर्थ आहे का, आणि अभ्यास कसा करायचा?

घे. फक्त प्रोलॉग येण्यासाठी घेऊ नकोस, ते दोन-तीन आठवड्यांत कामापुरतं येतं. हा विषय घ्यायचा तो एका वेगळ्याच कारणासाठी. कृती करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ‘नाही’ म्हणजे नेमकं काय, याचा इतक्या बारकाईने विचार दुसऱ्या कुठल्या विषयात करावा लागत नाही. हे आत्ता विचित्र वाटेल, म्हणून आधी माझी एक फजिती सांगते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी गोदामात सामान हलवणाऱ्या स्वयंचलित गाड्यांसाठी निर्णय घेणारा भाग लिहीत होते. नियम साधा होता: पुढच्या चौकोनात अडथळा आहे असं सिद्ध होत नसेल, तर पुढे जा. चाचण्यांमध्ये गाड्या अगदी शहाण्यासारख्या फिरल्या. मग एके दिवशी एका गाडीच्या पुढच्या सेन्सरची केबल सैल झाली. सेन्सर काहीच सांगेना, म्हणून ‘अडथळा आहे’ असं एकही विधान येईना, म्हणून अडथळा सिद्ध होईना, म्हणून वाट मोकळी! गाडी सरळ रॅकमध्ये घुसली. जवळ कोणी नव्हतं, चार खोकी पडली इतकंच. मी दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसले आणि सापडली नाही. सापडणार कशी? प्रोग्रॅमने मी सांगितलं होतं तेच केलं होतं.

प्रोलॉगमधला नकार असा चालतो: एखादी गोष्ट सिद्ध करायचा प्रयत्न करायचा, तो फसला की ती खोटी धरायची. कीथ क्लार्क यांनी १९७८ मध्ये या पद्धतीला पक्का तार्किक पाया दिला. त्याच वर्षी रेमंड रायटर यांनी ‘बंद जगाचं गृहीतक’ मांडलं: जे नोंदीत नाही ते नाहीच. विमानांच्या वेळापत्रकाला हे गृहीतक शोभतं. यादीत मंगळवारचं विमान नसेल, तर मंगळवारी विमान नाही. कारण यादी पूर्ण असते, ती पूर्ण ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते. माझ्या गाडीच्या सेन्सरची यादी पूर्ण असल्याची हमी कोणीच दिली नव्हती, आणि मी तिच्याकडे वेळापत्रकासारखं पाहत होते.

याचं सगळ्यात नेटकं उदाहरण जॉन मॅकार्थी यांच्या नावावर आहे. बसला रेल्वेचे रूळ ओलांडायचे आहेत. एक नियम म्हणतो, ‘गाडी येत असल्याचं माहीत नसेल तर ओलांड’. दुसरा म्हणतो, ‘गाडी येत नाही हे माहीत असेल तर ओलांड’. दाट धुक्यात पहिला नियम बस रुळांवर नेतो, दुसरा तिला थांबवतो. मायकल गेल्फॉन्ड आणि व्लादिमीर लिफ्शिट्झ यांनी १९९१ मध्ये एकाच प्रोग्रॅममध्ये हे दोन्ही नकार वेगवेगळे लिहिण्याची सोय मांडली तेव्हा हेच उदाहरण घेतलं होतं. तुझ्या अभ्यासक्रमात हे उदाहरण आलं की त्या दिवशीचं लेक्चर चुकवू नकोस.

आता हे वाचून ‘सिद्ध न होणं म्हणजे खोटं’ हा नियमच टाकाऊ आहे असं समजू नकोस. १९८६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने (मारेक सर्गोट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि सहकारी) १९८१ चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा प्रोलॉगमध्ये उतरवला. त्या कायद्यात टाकून दिलेल्या नवजात बाळाबद्दल एक कलम आहे. असं बाळ ब्रिटनमध्ये सापडलं, तर विरुद्ध काही दाखवलं जात नाही तोवर त्याचा जन्म तिथलाच आणि नागरिकत्वाच्या अटी पुऱ्या करणाऱ्या पालकापोटी झाला असं धरायचं. इथे कायद्यानेच ठरवलंय की पुरावा नसेल तर कुठल्या बाजूला झुकायचं. म्हणजे नकार कुठला वापरायचा हा प्रश्न भाषेच्या व्याकरणाचा नाहीच. माहिती न मिळाल्याचा तोटा कोणी सोसायचा, हे आधी ठरवावं लागतं. बाळाच्या बाबतीत एक उत्तर, रुळांच्या बाबतीत दुसरं.

हे हाताने करून पाहायचं असेल तर खड्डे आणि झुळूक यांचा तो प्रसिद्ध चौकोनी जगाचा खेळ घे. बहुतेक विद्यापीठांत तो कुठल्या ना कुठल्या रूपात असाइनमेंट म्हणून येतोच. चार बाय चारचा पट, काही चौकोनांत खड्डे, खड्ड्याच्या शेजारच्या चौकोनांत झुळूक जाणवते. एजंटला फक्त तो उभा असलेल्या चौकोनातली झुळूक कळते. नवशिका विद्यार्थी पहिल्या तासात हे लिहितो (‘:-’ म्हणजे ‘जर’, स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’, अंडरस्कोरने सुरू होणारं नाव म्हणजे चल, आणि ‘\+’ म्हणजे ‘सिद्ध होत नाही’):

सुरक्षित(_च) :- \+ खड्डा(_च).

वाचायला किती छान! चौकोनात खड्डा नसेल तर तो सुरक्षित. पण एजंटला सुरुवातीला एकाही खड्ड्याचा पत्ता नसतो, त्यामुळे त्याच्या लेखी सोळाच्या सोळा चौकोन सुरक्षित ठरतात आणि तो बिनधास्त चालत सुटतो. आता हे बघ:

सुरक्षित(_च) :- शेजारी(_च, _ज), पाहिलेला(_ज), \+ झुळूक(_ज).

इथेही तोच ‘\+’ आहे, तरी हा नियम बरोबर आहे. कारण ज्या चौकोनात एजंट स्वतः जाऊन उभा राहिला तिथली झुळकेची माहिती पूर्ण आहे. तिथे झुळूक नोंदलेली नाही याचा अर्थ झुळूक नव्हतीच. ‘पाहिलेला’ ही अट काढून टाकली की पुन्हा माझी गोदामातली गाडी. (सेन्सर बिघडू शकतो हे धरलं, तर ‘पाहिलेला’ म्हणजे ‘सेन्सर चालू असताना पाहिलेला’ असं लिहावं लागेल. मी त्या प्रकल्पात शेवटी हेच केलं.)

याच पटावर प्रोलॉगची मर्यादाही दिसते. समज, एजंट (१,१) वरून निघाला, तिथे झुळूक नव्हती. (२,१) वर झुळूक आली. म्हणजे खड्डा (२,२) मध्ये किंवा (३,१) मध्ये किंवा दोन्हीकडे. मग तो मागे येऊन (१,२) वर गेला, तिथे झुळूक नाही. म्हणजे (२,२) साफ, म्हणून (३,१) मध्ये खड्डा नक्की. माणूस हे चुटकीसरशी सांगतो. पण ‘हा किंवा तो’ असं विधान साध्या प्रोलॉगमध्ये तथ्य म्हणून ठेवताच येत नाही, ते आडवळणाने लिहावं लागतं. इथे ‘आन्सर सेट प्रोग्रॅमिंग’ कामी येतं. १९८८ मध्ये गेल्फॉन्ड आणि लिफ्शिट्झ यांनी मांडलेल्या स्थिर प्रतिमानांच्या (प्रोग्रॅमच्या नियमांशी जुळणाऱ्या निष्कर्षांच्या संचांच्या) कल्पनेवर ते उभं आहे, आणि जर्मनीतल्या पॉट्सडॅम विद्यापीठातून आलेलं क्लिंगो हे त्याचं सर्वांत वापरातलं साधन. तिथे तू म्हणतेस/म्हणतोस: प्रत्येक चौकोनात खड्डा असेल किंवा नसेल, आणि जे निरीक्षणांशी जुळत नाही ते बाद. सॉल्व्हर उरलेली सगळी शक्य जगं काढून देतो. ज्या चौकोनात एकाही शक्य जगात खड्डा नाही तो सुरक्षित, ज्यात प्रत्येक जगात आहे तो धोक्याचा, आणि मधले ते ‘माहीत नाही’. तीन उत्तरं, तिन्ही वेगळी. ही असाइनमेंट मी विद्यार्थ्यांकडून दोन्ही पद्धतींनी करून घेते. दुसरी केल्यावर पहिलीत काय झाकलं गेलं होतं ते कळतं.

अभ्यासाच्या पद्धतीकडे येते. प्रोलॉगची जन्मकथा एका परिच्छेदात आटपण्यासारखी आहे. १९६५ मध्ये जॉन अॅलन रॉबिन्सन यांनी रिझोल्यूशनचा, म्हणजे दोन विधानांतून तिसरं काढण्याचा, नियम दिला. १९७२ च्या सुमारास मार्सेय इथे आलें कोल्मेरोएर आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग उभं केलं, आणि कोवाल्स्कींनी नियमांच्या तार्किक अर्थाला प्रोग्रॅमचा अर्थ जोडून दिला. परीक्षेला एवढं पुरे. पण कोवाल्स्कींचं १९७९ चं एक सूत्र मात्र भिंतीवर लाव: अल्गोरिदम म्हणजे तर्क अधिक नियंत्रण. प्रोलॉगमध्ये फसणारे जवळजवळ सगळे विद्यार्थी यातला दुसरा अर्धा भाग विसरून फसतात.

एक नमुना दाखवते. मोकळे चौकोन शोधायचे आहेत:

मोकळा(_च) :- \+ व्यापलेला(_च), चौकोन(_च).

‘क३ मोकळा आहे का?’ असं विचारलं तर उत्तर बरोबर येतं. विद्यार्थी खूश होऊन पुढे जातो. मग एजंट विचारतो, ‘कुठला चौकोन मोकळा आहे?’ आणि उत्तर येतं: कुठलाच नाही. पटावर एकच चौकोन व्यापलेला असला तरी हेच. कारण चलाला अजून किंमत मिळालेली नाही, त्यामुळे पहिली अट ‘या चौकोनात कोणी आहे का’ असं न विचारता ‘कुठेतरी कोणी आहे का’ असं विचारते. कुठेतरी कोणीतरी असतंच, नकार फसतो, संपलं. दोन अटींची अदलाबदल केली की सगळं सुरळीत होतं. गणितात ‘आणि’च्या दोन बाजू बदलल्याने काही बिघडत नाही, इथे बिघडतं. म्हणून सवय लाव: नकार नेहमी चलाला किंमत मिळाल्यानंतर.

दुसरा सापळा डाव्या पुनरावृत्तीचा. ‘अ पासून म पर्यंत पोचता येतं आणि म पासून ब ला वाट आहे, तर अ पासून ब ला पोचता येतं’ हा नियम ‘पोचतो’ने सुरू केला की प्रोग्रॅम स्वतःलाच विचारत खोल जात राहतो आणि मेमरी संपेपर्यंत परत येत नाही. एक्सएसबी किंवा एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या प्रोलॉगच्या आवृत्त्यांमध्ये टेबलिंग लावलं, म्हणजे आधी विचारलेले प्रश्न लक्षात ठेवायला सांगितलं, की हाच नियम नीट थांबतो. पण पहिल्या महिन्यात टेबलिंगला हात लावू नकोस. आधी ते अडकलेलं बघ, कागदावर झाड काढ, कुठली फांदी अनंत आहे त्यावर बोट ठेव. कागदाला पर्याय नाही. ट्रेस (प्रोग्रॅमची प्रत्येक पायरी दाखवणारी सोय) चालू करून कॉल, एक्झिट, रीडू, फेल हे चार टप्पे स्क्रीनवर सरकताना बघणं आणि पुढचा टप्पा कुठला येणार हे आधीच कागदावर लिहून ठेवणं, यात पुष्कळ फरक आहे. माझ्या अनुभवात रोज अर्धा तास असं केलेली मुलं महिन्याभरात भाषेच्या कटकटीतून सुटतात.

एक व्यायाम मी कोणालाच सोडू देत नाही: प्रोलॉगमध्ये प्रोलॉगचा इंटरप्रिटर लिहिणं. घाबरू नकोस, गाभा तीन ओळींचा आहे. रिकामं ध्येय सुटलेलंच असतं. दोन ध्येयांची जोडी असेल तर आधी पहिलं सोडव, मग दुसरं. एकटं ध्येय असेल तर त्याच्याशी जुळणारा नियम शोध आणि त्याच्या अटी सोडव. बस. आता या तीन ओळींना एक जादा आर्ग्युमेंट जोड आणि कुठला नियम वापरला ते त्यात साठवत जा. तुझा एजंट ‘मी डावीकडे का वळलो’ याचं कारण पायरीपायरीने सांगायला लागेल. त्याला खोलीची मर्यादा घाल, म्हणजे तो ‘एवढ्या पायऱ्या खोल जाऊनही उत्तर मिळालं नाही’ असं म्हणू शकेल. बघ, ‘नाही’चा आणखी एक प्रकार.

एजंटच्या भागात खरी मेहनत काळाला लागते. मॅकार्थी आणि पॅट्रिक हेझ यांनी १९६९ मध्ये ‘फ्रेम प्रॉब्लेम’ मांडला. मी दार उघडलं तर दार उघडं होतं हे लिहिणं सोपं, पण दार उघडल्याने दिव्याचा रंग बदलत नाही, टेबल हलत नाही, हे सगळं कोणी आणि किती लिहायचं? ‘बदललं असं सिद्ध होत नसेल तर तसंच राहिलं’ असा एक नियम टाकला की झालं, असं वाटतं. स्टीव्ह हँक्स आणि ड्र्यू मॅकडरमॉट यांनी १९८७ मध्ये दाखवलं की तेवढ्याने भागत नाही. बंदूक भरली, थोडं थांबलो, मग झाडली. समोरचा मरायला हवा. पण त्या वेळच्या पद्धतींना ‘थांबलो असताना बंदूक आपोआप रिकामी झाली आणि माणूस वाचला’ हेही तितकंच पटणारं उत्तर वाटत होतं. दोन्ही गोष्टींत एकेकच अनपेक्षित बदल होता ना! या कोड्यावर एक संध्याकाळ घाल, उत्तर वाचण्याआधी.

कोवाल्स्की आणि सर्गोट यांचं १९८६ चं इव्हेंट कॅल्क्युलस हा मला शिकवायला सर्वांत आवडणारा भाग. घटना घडते, घटनेने काही स्थिती सुरू होते, काही संपते, आणि मधे कोणी संपवलं नसेल तर स्थिती टिकते. चार-पाच प्रेडिकेटमध्ये दार, दिवा, बॅटरी, ताबा, परवानगी हे सगळं मांडता येतं. अभ्यासक्रमात सिच्युएशन कॅल्क्युलस (कृतींनी परिस्थिती कशी बदलते ते मांडणारी तर्कपद्धती) आणि त्यावरची गोलॉग भाषा असेल तर तेही चांगलंच, टोरोंटोच्या गटाने त्यावर खूप खोल काम केलंय. श्रद्धा (एजंट जे खरं धरून चालतो ते), इच्छा आणि इरादा यांवर उभी असलेली एजंटची रचना बहुतेक ठिकाणी आनंद राव यांच्या १९९६ च्या एजंटस्पीक भाषेतून शिकवतात, आणि प्रात्यक्षिकं जेसन या ती भाषा चालवणाऱ्या साधनावर होतात. ती वाचायला सोपी आहे. एक गोष्ट लक्षात ठेव: एजंटची श्रद्धा जुनी होते. दार उघडं आहे हे दहा मिनिटांपूर्वी कळलं होतं. प्रत्येक श्रद्धेला वेळ चिकटवायची सवय लावलीस तर निम्मे बग जन्मालाच येणार नाहीत.

गणित किती लागतं? प्रेडिकेट लॉजिक, इंडक्शन, संच, थोडं आलेखशास्त्र. हर्ब्रँड प्रतिमानं (प्रोग्रॅममधल्या नावांपुरतंच बनवलेलं जग) आणि स्थिरबिंदूंचा (नवा निष्कर्ष निघेनासा होतो त्या अवस्थेचा) भाग पहिल्यांदा कोरडा वाटतो. छोटा प्रोग्रॅम घेऊन तथ्यांपासून वर चढत सगळे निष्कर्ष हाताने काढलेस की तो कोरडेपणा जातो.

आता मित्रांच्या बोलण्याबद्दल. ते अगदीच चुकीचं नाही. जपानने १९८२ मध्ये लॉजिक प्रोग्रॅमिंगवर पाचव्या पिढीच्या संगणकांचा प्रचंड प्रकल्प सुरू केला, गाजावाजा झाला तसं फळ आलं नाही आणि क्षेत्राची पत घसरली. ‘प्रोलॉग हवं’ असं लिहिलेल्या नोकऱ्या आजही मोजक्याच. पण कल्पना मेल्या नाहीत, दुसऱ्या नावांनी कामाला लागल्या. डेटालॉग हे प्रोलॉगचं शिस्तशीर धाकटं भावंड मोठाल्या कोडमधल्या सुरक्षेच्या चुका शोधणाऱ्या कोडक्यूएल आणि सुफ्ले या साधनांच्या मुळाशी आहे. क्लाउडवर कोणाला काय करू द्यायचं हे ठरवणारी रेगो ही भाषाही डेटालॉगवरूनच घेतलेली. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेलेला नासाचा क्लॅरिसा हा बोलका सहायक बराचसा प्रोलॉगमध्ये होता. स्पेस शटलच्या छोट्या दिशादर्शक इंजिनांमध्ये बिघाड झाले तर कुठले व्हॉल्व्ह कसे फिरवायचे, याच्या योजना काढणारी प्रणाली आन्सर सेटवर लिहिली गेली होती.

आणि भाषा-मॉडेलं? ती नियम लिहून देतात, पटापट देतात. मी रोज वापरते. पण वर दाखवलेल्या दोन्ही चुका, चलाआधीचा नकार आणि ‘पाहिलेला’ शिवायचा नकार, मला त्यांनी लिहिलेल्या नियमांत पुन्हापुन्हा सापडतात. व्याकरण स्वच्छ, चाचण्या पास, आणि धुक्यात बस रुळांवर. इंग्रजी किंवा मराठी वाक्यातल्या ‘नसेल तर’चं भाषांतर करताना त्या ‘नसेल’चा अर्थ कुठला, हे विचारायला मॉडेल आपणहून थांबत नाही. ते विचारायला तूच लागणार. न्यूरल आणि तार्किक बाजू जोडण्याचं काम आवडलं, तर बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या गटाचं २००७ चं प्रॉबलॉग (प्रोलॉगला शक्यतेचे आकडे जोडणारी भाषा) आणि त्यावर उभं राहिलेलं २०१८ चं डीपप्रॉबलॉग पुढच्या वर्षी बघ, या वर्षी नको.

नाव नोंदवण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद मागून घे आणि तीन शब्द शोध: नकार, आन्सर सेट, इव्हेंट किंवा सिच्युएशन कॅल्क्युलस. तिन्ही असतील तर डोळे मिटून घे. फक्त लिस्ट उलटी करणं, नातेवाईकांची वंशावळ आणि बुद्धिबळातल्या आठ राण्यांचं कोडं एवढंच असेल, तर शिकवणाऱ्यांना भेट आणि सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी खड्ड्यांचा पट माग, पण एका बदलासह: झुळकेचा सेन्सर अधूनमधून बंद पडतो, आणि बंद आहे हे तो स्वतः सांगत नाही.